गुंड्या-टिकलीची टेकडी

कुत्रा घरात आला की टेकडी चुकत नाही. पाहुणे असोत, लग्नसराई असो, बाहेर मुसळधार कोसळत असो, पहाटे साडेपाचच्या सुमाराला फरशीवर नखांचा आवाज सुरू होतो आणि निघावंच लागतं. आमच्याकडे आधी गुंड्या आला. फिकट पिवळ्या रंगाचा लॅब्राडोर, अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब. त्याच्यामागून टिकली आली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात भिजत बसलेलं ते गावठी पिल्लू होतं. सगळं अंग काळं आणि कपाळावर तेवढा एक पांढरा ठिपका. हे दोघं यायच्या आधीही मी वेताळ टेकडीवर जात असे, पण सवडीनं. पाऊस उघडला की, थंडी छान पडली की, कुणी मैत्रीण सोबत आली की. आता रोज जाते, त्याच वाटेनं, त्याच वेळेला. वर्ष कसं फिरतं ते मला या रोजच्या जाण्यातून कळलं. सह्याद्रीतल्या मोठ्या भटकंत्या मीही केल्या आहेत आणि त्यांचा आनंद वेगळा. पण पांगाऱ्याच्या एका ठरावीक फांदीवर कळी धरली, ती फुगली, फुटली, गळली, मग तिथे शेंग आली, हे सगळं पाहायचं तर त्या फांदीखालून रोज जावं लागतं. मला रोज तिच्याखालून नेणारे हे दोघं आहेत.

पुणे शहराच्या हद्दीतली ही सर्वांत उंच टेकडी. समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. माथ्यावर वेताळाचं देऊळ, पलीकडे दगडाची जुनी खाण, तिच्यात पावसाचं पाणी साठतं. एका अंगाला कोथरूड, एका अंगाला पाषाण आणि पंचवटी, पूर्वेकडे लॉ कॉलेज, फिल्म इन्स्टिट्यूट, गोखलेनगर. हवा स्वच्छ असली की सिंहगड आणि त्याच्यावरचा टीव्हीचा मनोरा स्पष्ट दिसतो. महाबळेश्वरसारखं दाट रान इथे नाही. दख्खनचा काळा दगड, त्याच्यावर वीतभर माती, आणि तीही दर पावसाळ्यात उतारावरून खाली निघालेली. त्या मातीत तग धरतात ती सालई, मोई, खैर, पळस, पांगारा, हिवर, मधेच एखादं चंदनाचं झाड, आणि माणसानं लावलेलं भरमसाट गिरिपुष्प. बहुतेक सगळी पानझडीची झाडं. सदाहरित जंगलात ऋतू शोधावा लागतो, इथे तो अंगावर येतो. जूनमध्ये ज्या उतारावर छत्री झाडांना अडकते, त्याच उतारावर मार्चमध्ये पार तळापर्यंत नुसते खराटे दिसतात.

कुत्र्याबरोबर चालायचं तर त्याच्या चालीनं चालायला हवं. गुंड्या थांबला की मी थांबते. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाख असतात, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींहून जास्त. शिवाय त्याच्या नाकपुडीची घडणच निराळी. हवा आत येते समोरून आणि बाहेर जाते नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून, म्हणजे श्वास सोडतानाही समोरचा वास विस्कटत नाही. एप्रिलमध्ये वाटेवर पिठासारखी धूळ असते तेव्हा मी उकिडवी बसून हे नीट पाहिलं आहे. गुंड्याचं ओलं नाक धुळीपासून बोटभर वर. नाकाच्या दोन्ही बाजूंना धुळीचे दोन बारके लोट उठतात, आणि नाकाच्या बरोबर खालची धूळ जागच्या जागी राहते. तिथेच सशाच्या दोन-तीन वाळक्या लेंड्या होत्या. मी उभी असते तर त्या मला दिसल्याच नसत्या. घोरपडीनं शेपटी ओढत नेल्याची नागमोडी रेघ, मुंगसाची पावलं, मोरानं माती उकरून अंघोळ केलेला खळगा, हे सगळं मी गुंड्याच्या नाकामागून बघायला शिकले. टिकलीचं तसं नाही. ती कानानं चालते. तिचे कान ताठ उभे राहून एका दिशेला वळले की त्या दिशेला बघायचं, काहीतरी असतंच.

वर्ष मी जानेवारीपासून मोजत नाही, वळवाच्या पहिल्या सरीपासून मोजते. मे महिन्यात दुपारी आभाळ काळवंडतं, वारा सुटतो, गारा पडतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टेकडीला तो वास असतो. मातीतले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, पाण्याचा थेंब आपटला की ते हवेत उडतं. हे द्रव्य नावापुरतं जरी हवेत असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. एरवी गुंड्या कशाचा वास घेतोय याचा मला पत्ता नसतो, पण या एका सकाळी आम्हा तिघांची नाकं एकाच गोष्टीवर असतात. टिकली तर वेडी होते. पाठ जमिनीला घासत लोळते, उठते, अंग झटकते, पुन्हा लोळते. मी तिला थांबवत नाही. घरी गेल्यावर अंघोळ घालता येते.

मृगाच्या आगेमागे, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ओल्या वाटेवर मखमली लाल किडे चालू लागतात. आम्ही त्यांना मृगाचे किडेच म्हणायचो. आठ पायांचा हा जीव कोळ्याच्या जातकुळीतला. एरवी जमिनीखाली असतो, पहिल्या पावसानंतर काही दिवस वर येतो आणि पुन्हा नाहीसा होतो. गुंड्या त्याच्यावरून खुशाल पाय टाकून जातो म्हणून त्या दिवसांत मी त्याला वाटेच्या मधोमध ठेवते. टिकली नाक जवळ नेते आणि झटकन मागे घेते. असा भडक रंग अंगावर असलेले जीव सहसा चवीला वाईट असतात, आणि तिला ते वासावरूनच समजत असावं.

याच दिवसांत नवरंग येतो. हा पक्षी थंडीत दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो, पावसाच्या तोंडावर वीण घालायला आपल्याकडे येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची ठसठशीत शीळ ऐकू येते. ऐकू खूप येतो, दिसतो फार कमी, कारण त्याचा वावर जमिनीवर, झुडपांच्या अंधारात. एकदा टिकलीचे कान वळले म्हणून मी थांबले. खाणीच्या अलीकडे गिरिपुष्पाच्या गर्दीत, पालापाचोळ्यावर तो होता. एकेक कुजकं पान चोचीनं उचलायचा, बाजूला फेकायचा, खालची अळी टिपायचा, दोन उड्या मारून पुढे. पाठ हिरवी, पंखावर निळ्याची एक चकाकती पट्टी, डोळ्यावरून काळा पट्टा, पोटाखाली शेपटीपर्यंत शेंदरी लाल. आखूड शेपटी तो सारखी वरखाली हलवत होता. मी दोन्ही दोऱ्या हाताला गुंडाळून घेतल्या आणि हळूच म्हटलं, ‘‘बस.’’ दोघंही बसले. गुंड्याला बहुधा काही दिसलं नसावं, तो नुसता माझ्याकडे बघत खाऊची वाट पाहत होता. टिकलीनं मात्र मान तसूभरही हलवली नाही. मागून दोन मुलं धावत वर आली तेव्हा नवरंग झुडपात शिरला. टेकडीवर कॅमेरे घेऊन त्याच्यासाठी तासन् तास बसणारी माणसं मला माहीत आहेत. मला तो दाखवला पार्किंगमध्ये सापडलेल्या कुत्रीनं, आणि याचा मला अजून अभिमान वाटतो.

पुढे आषाढ-श्रावणात टेकडीवर माणसं कमी होतात. जी येतात ती एकमेकांना ओळखतात, छत्रीखालून मान हलवतात. पावश्याचा ‘पेर्ते व्हा’ चालू असतो. मोरांच्या केका इतक्या जवळून येतात की गुंड्या दचकतो. कातळावर शेवाळ धरतं आणि चार पायांचा प्राणीसुद्धा घसरतो, म्हणून आम्ही कातळाची वाट सोडून मातीची धरतो. जमिनीलगत काळ्या मुसळीची पिवळी चांदणीसारखी फुलं येतात, मग फोडशीचे पांढरे तुरे. पाऊस ओसरताना उतारावर तेरडा गुलाबी होतो, कवळा पिवळा होतो. या दिवसांतला एक धाक मात्र कायम मनात असतो. साचलेल्या डबक्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असू शकतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो; तो कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. गुंड्या-टिकलीला त्याची लस दर वर्षी देते, तरीही डबक्यात तोंड घालू देत नाही. घरून निघताना पाणी पाजते, पिशवीत बाटली असतेच. भिजलेला लॅब्राडोर वाटेवर अंग झटकतो तेव्हा शेजारून चालणाऱ्याची खैर नसते, त्यामुळे आम्हाला लोक आपणहून वाट देतात.

श्रावणाच्या शेवटाला मोर पिसारा झाडतात. वाटेवर पिसं पडलेली असतात. पोरं गोळा करतात. टिकली प्रत्येक पिसाचा देठाकडून डोळ्यापर्यंत वास घेते. डोळ्याशी तिला काही रस नसतो, देठाशी मात्र बराच वेळ रेंगाळते.

आणि मग येतो तो काळ, ज्याविषयी टेकडीवर कुत्री आणणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवून सांगते. ऑक्टोबरमध्ये पाऊस जातो, ऊन चटकतं, आणि कमरेएवढं वाढलेलं गवत आठ-पंधरा दिवसांत हिरव्याचं सोनेरी होतं. दिसायला इतकं देखणं की शहरातून लोक फोटो काढायला येतात. संध्याकाळची तिरपी उन्हं त्या गवतातून आली की मीही जागच्या जागी उभी राहते. पण हे कुसळीचं गवत आहे. त्याचं बी तपकिरी, सुईसारख्या टोकाचं. टोकाच्या मागे उलट्या दिशेला वळलेले राठ केस, म्हणजे आत शिरलं की मागे येत नाही. आणि पाठीला लांब, पीळ भरलेली शेपटी. ही शेपटी ओल लागली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते, आणि असं फिरत फिरत बी स्वतःच स्वतःला जमिनीत रोवतं. कधी एक कुसळ तळहातावर घ्या आणि शेपटीवर पाण्याचा थेंब सोडा. थोडा वेळ काही होत नाही, मग शेपटीचं वाकलेलं टोक घड्याळाच्या काट्यासारखं फिरू लागतं. गवताच्या एका काडीत हे कुठून येतं, याचं मला दर वर्षी नव्यानं आश्चर्य वाटतं. कोरड्या, पातळ मातीत बी रुजवायचं तर याहून चांगली युक्ती नाही.

पण तेच बी कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात शिरलं तर ते तिथेही तेच करतं. कातडीतून आत जातं, गाठ येते, पू धरतो. कानात गेलं तर कुत्रा मान एका बाजूला पाडून सारखा डोकं झटकत राहतो, आणि ते घरी काढायच्या भानगडीत पडू नये, सरळ डॉक्टरांकडे न्यावं. टेकडीच्या उतारावर शेळ्या घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. पहिल्या वर्षी त्यांनीच मला हटकलं होतं.

‘‘ताई, कुत्र्यास्नी आता गवतात नका घालू.’’

‘‘का हो मावशी?’’

‘‘कुसळ झालंय. आमच्या शेरडांच्या ओठात शिरतंय, मग ती खात न्हाईत. ह्यांचं तर पाय मऊ.’’

तेव्हापासून दिवाळीच्या आगेमागे आम्ही फक्त रुंद, तुडवलेल्या वाटेनं जातो, आणि तरीही घरी आल्यावर तपासणी होते. व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरायचं, चष्मा लावायचा, चिमटा घ्यायचा. गुंड्या आडवा होतो आणि पाय हवेत धरून डोळे मिटतो. एकेक बेचकं बोटांनी उघडायचं, उजेडाकडे धरायचं. गुलाबी कातडीवर बारीक काळी रेघ दिसली की ते कुसळ. चिमट्यानं पकडून ज्या रेषेत आत गेलं त्याच रेषेत सरळ बाहेर ओढायचं, वाकडं ओढलं की टोक तुटून आत राहतं. मग काखा, मग जांघा, मग कानाची पाळी उलटी करून आत. टिकलीला हे सोसत नाही. तिच्यासाठी भाकरीचे तुकडे लागतात, एका पायाला एक. वर्तमानपत्रावर शेवटी कुसळांची लहानशी रास जमते. त्याच वेळी गोचीडही पाहायची. गोचिडांसाठी महिन्याला मानेवर औषध सोडते, तरी पावसाळ्यात आणि पावसानंतर एखादी सापडतेच. गोचिडीपासून येणारा ताप फार वाईट. कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढुरक्या पडतात. रोज हात फिरवण्याची सवय असली की या गोष्टी लवकर ध्यानात येतात. आता असं झालं आहे की या दोघांच्या अंगावरचा कोणता केस कुठे वळतो हे मला डोळे मिटून सांगता येईल.

थंडीविषयी मला फार सांगायचं नाही, कारण थंडीत टेकडी सगळ्यांनाच आवडते आणि तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी 10 अंशांच्याही खाली उतरतो. पाषाणच्या तळ्यावर धुकं, गवतावर दव, दवात भिजलेली कोळ्यांची जाळी. ऑक्टोबरात उत्तरेकडून आलेला थरथऱ्या त्याच त्या दगडावर बसून शेपटी थरथरवत असतो. तोच पक्षी दर वर्षी येतो की दुसरा, हे मला सांगता येणार नाही, पण दगड तोच असतो. गुंड्या या दिवसांत तरुण होतो. लॅब्राडोर मुळात थंड प्रदेशातल्या पाण्यात काम करायला घडलेली जात. पुण्यात त्याला खऱ्या अर्थानं मानवणारे महिने हे एवढेच.

जानेवारीच्या अखेरीला गिरिपुष्प फुलतं. पान एकही नाही आणि फांद्या फिकट गुलाबी फुलांनी लगडलेल्या. मूळचं हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, तिथे कोकोच्या झाडांना सावली म्हणून लावतात. भराभर वाढतं, शेळ्या फारसं खात नाहीत, म्हणून उघड्या टेकड्या हिरव्या करायला आपल्याकडे ते हजारोंनी लावलं गेलं. आपल्याकडे त्याला उंदीरमारीही म्हणतात, त्याच्या बिया आणि साल उंदरांना मारायला वापरतात. कुत्र्यांनाही त्या चघळू देऊ नयेत. फुललेलं गिरिपुष्प मला आवडतं, त्याच्याखालून जाताना पाय रेंगाळतात, हे खरं आहे. पण सालई-मोईच्या पट्ट्यात जेवढे पक्षी, किडे, फुलपाखरं भेटतात तेवढी इथे भेटत नाहीत, हेही रोज दिसतं. गुंड्या-टिकलीसुद्धा या भागातून फारसं न थांबता जातात. आता नवी लागवड देशी झाडांची होते आहे ही चांगली गोष्ट आहे. जुनं गिरिपुष्प एकदम तोडून टाकावं असं मात्र मला वाटत नाही. नवरंग त्याच्याच पाचोळ्यात सापडला होता.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा. झाडावर सकाळी इतका कलकलाट असतो की खाली उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. भोरड्यांचे थवे, साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, सगळे फुलांतल्या मधावर. भोरड्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. कुत्र्याला लाल रंग दिसत नाही. त्याच्या डोळ्याला निळा आणि पिवळा कळतो, लाल त्याला मळकट तपकिरी दिसतो. म्हणजे ज्या झाडासाठी मी मान मोडेपर्यंत वर बघते, ते या दोघांना पाचोळ्याच्याच रंगाचं. त्यांचं काम खाली चालू असतं. गळून पडलेल्या पाकळ्यांवर मुंग्या, मुंग्यांमागे सरडा, सरड्याच्या वासावर टिकली. झाडाच्या वरचा अर्धा भाग माझा आणि खालचा अर्धा त्यांचा, असं आमचं वाटप आहे.

उन्हाळ्यात टेकडी पार उघडी पडते आणि त्यामुळेच जपावी लागते. वाळक्या गवताला कुणीतरी काडी लावतं किंवा पेटती विडी टाकतं आणि वणवा पसरतो. दुसऱ्या दिवशी उतार काळा, आणि दोघांची पावलं घरी येईपर्यंत कोळशासारखी. त्या राखेत सरपटणाऱ्या जीवांचं काय झालं असेल हा विचार दिवसभर पाठ सोडत नाही. आम्ही या दिवसांत अजून लवकर निघतो आणि सातच्या आत खाली येतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय. दगडावर हाताची मागची बाजू ठेवून पाहायची. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्या दगडावरून कुत्र्याला चालवू नये.

मार्चपासून पुढे टिटवीची वीण असते. ती घरटं म्हणून काही बांधत नाही. उघड्या माळावर चार खडे इकडे-तिकडे सरकवते आणि मातकट, काळ्या ठिपक्यांची चार अंडी घालते. अंडी आणि खडे यांत फरक करणं दोन हातांवरूनही अवघड जातं. देवळाच्या पलीकडच्या सपाटीवर एकदा टिटवी आमच्यासमोर आली आणि एक पंख जमिनीवर ओढत लंगडत चालू लागली. टिकलीनं दोरीला हिसका दिला. दोरी पक्की होती. टिटवी तशीच लंगडत आम्हाला बरंच लांब घेऊन गेली आणि मग दोन्ही पंख पसरून ठणठणीत उडाली, वरून ओरडत राहिली. अंडी आम्ही जिथून निघालो तिथे, वाटेपासून चार पावलांवर होती. परत येताना लांबूनच वळसा घालून आम्ही पुढे गेलो.

टेकडीवर कुत्रा मोकळा सोडू नये, या मतावर मी ठाम आहे. यावरून माझे वाद होतात. ‘‘अहो काकू, आमचा काही करत नाही,’’ असं एक तरुण मला अगदी कळवळून सांगत होता, आणि त्याचा कुत्रा खरंच प्रेमळ होता. मी त्याला म्हटलं, ‘‘चावत नाही रे, पण धावतो ना? तेवढं पुरतं.’’ एप्रिलच्या उन्हात टिटवी अंड्यांवर ऊब द्यायला बसत नाही, सावली द्यायला बसते. खाणीतल्या पाण्यात छातीची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार करते. कुत्र्यामागे ती अर्धा तास ओरडत फिरली तर अंडी उन्हात भाजून निघतात. रातव्याचं तेच, तित्तराचं तेच, सशाच्या पिलांचं तेच. शिवाय घोणस आणि फुरसं इथे आहेत. गवतात नाक खुपसणारा मोकळा कुत्रा त्यांच्या वाटेत पहिला जातो. पाच मीटरची दोरी घेतली तर कुत्र्याला हवं तेवढं हिंडता येतं आणि रानाला त्रास होत नाही. विष्ठा उचलायला पिशवी जवळ असावी हे तर सांगायलाही नको. त्या तरुणानं पुढच्या आठवड्यात लांब दोरी आणली. आता तो आणि मी मिळून इतरांशी वाद घालतो.

हे रान असंच राहील असं गृहीत धरता येत नाही. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंतचा रस्ता आणि टेकडीखालून बोगदे, असे प्रस्ताव पुढे आले तेव्हा 2023 च्या एप्रिलमध्ये पुणेकरांनी मोठा मोर्चा काढला. म्हातारी माणसं, शाळकरी मुलं, धावणारे, पक्षी बघणारे, सगळे होते. मीही होते. शहरात वाहनं वाढली आहेत, कोंडी होते, हे मलाही दिसतं. मी त्याच कोंडीत अडकते. पण खडकावर वीतभर माती साठायला आणि तिच्यात सालई उभी राहायला किती काळ जावा लागतो, हे रोज त्या मातीकडे वाकून बघणाऱ्याला जास्त कळतं, आणि रस्त्यासाठी ती एका दिवसात खरवडता येते.

गुंड्या आता म्हातारा झाला. या जातीच्या कुत्र्यांना होतो तसा कमरेच्या सांध्यांचा त्रास त्यालाही सुरू झाला आहे. चढ त्याला झेपत नाही. म्हणून आम्ही कोथरूडच्या बाजूनं गाडी जाते तिथवर गाडीनं वर जातो आणि सपाटीवरून थोडं चालतो. पहिल्या वळणावरच्या पांगाऱ्यापाशी तो बसतो. आमच्या शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा हल्ली आमच्याबरोबर येतो, तो पुस्तक घेऊन त्याच्याजवळ थांबतो. मी आणि टिकली खाणीपर्यंत जाऊन परत येतो. आम्ही दिसलो की गुंड्या आधी पुढचे पाय टेकतो, मग जोर करून मागचे उचलतो, आणि टिकली जवळ आली की तिचं नाक, कान, पुढचे पंजे, पोट, शेपूट असं सगळं क्रमानं हुंगतो. पंजांपाशी सगळ्यात जास्त वेळ लागतो. खाणीकडे आज काय होतं, कोण येऊन गेलं, पाणी किती आटलं, हे त्याला तिथे मिळत असावं. एरवी घटकाभर स्वस्थ न बसणारी टिकली त्याचं हुंगणं पुरं होईपर्यंत हलत नाही. मग दोघं मिळून माझ्या पिशवीकडे बघतात, आणि मी पाण्याचं भांडं काढते.